मजूर मिळत नाहींत, कीं मजुरांस काम मिळत नाहीं ?

गेल्या पौष महिन्यांतील गोष्ट. प्रस्तुत लेखकाचें दोन एकरांचें कांद्याचें रोप लागणीस तयार झालें होतें. रोप पन्नास दिवसांचें झालें कीं तें उपटून वाफ्यांत गेलें पाहिजे, हें कांदा करणाऱ्यास सांगावयास नको. पण गांवांत टोळी मिळेना. ज्या मुकादमिणीस पंधरा दिवस आधीं सांगून ठेविलें होतें, ती शेजारच्या मळ्यांत गेली; तेथूनहि तिला तिसऱ्यानें एकरीं पांचशें रुपये अधिक कबूल करून नेलें. अशा ओढाताणींत सतरा दिवस गेले. रोप जून झालें, आणि वैशाखांत जें पीक निघालें त्यांत डेंगळे फार व कांदा बारीक. नुकसानीचा हिशेब येथें देत नाहीं; वाचकांपैकीं पुष्कळांच्या वहींत तसलाच हिशेब लिहिलेला असेल.

त्याच वैशाखांत एका सोयऱ्याकडे लग्नास जाणें झालें. तें गांव आमच्यापासून अवघें साठ-पासष्ट किलोमीटर, पण डोंगराच्या अंगाचें व सर्वस्वीं कोरडवाहू. मांडवांत बसलों असतां मजुरांच्या टंचाईचें गाऱ्हाणें मीं सांगितलें. तें ऐकून जवळच बसलेली एक वयस्क बाई म्हणाली, "पुसाच्या महिन्यांत व्हय ? तवा तर आमी समद्या बाया घरींच बसून व्हतों. पर पाव्हणं, तुमच्याकडं काम हाय, ह्ये आमास्नी सांगनार कोन ? अन् सांगितलं तरी यायचं कशानं, अन् ऱ्हायाचं कुठं ?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. तो प्रश्न अद्यापि मनांतून जात नाहीं, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आपल्या सभांतून मजुरांच्या टंचाईविषयीं दरवर्षीं भाषणें होतात. मजूर आळशी झाला, स्वस्त धान्यानें सुस्तावला, रोजगार हमीनें बिघडला, असें एकामागून एक वक्ते सांगतात. तिकडे मजुरांच्या वस्तींत जावें तों वर्षांतील चार-पांच महिने काम नाहीं अशी ओरड. वास्तविक दोघेहि खरेंच बोलत असतात. आपला कांदा खळ्यांत सडत असतां शहरांतील गिऱ्हाईक महागाईनें रडतें, असा प्रसंग आला म्हणजे आपण रस्ता, आडत, भाडें व साठवण यांकडे बोट दाखवितों. शेतकऱ्याच्या आळसानें असें झालें असें कोणी म्हटलें तर तें आपणांस खपत नाहीं. मग जो न्याय आपण आपल्या मालास लावतों, तोच मजुराच्या श्रमास कां लावूं नये ? श्रम हाहि एक नाशवंत माल आहे. कांदा चाळींत चार महिने तरी टिकतो. न मिळालेला रोजगार सूर्यास्ताबरोबर नासतो.

हा विषय नवा नाहीं. लंडन शहरांतील गोद्यांत रोजंदारीवर हमाल लावीत, तेथील स्थितीचा अभ्यास करून विल्यम बेव्हरिज यांनीं १९०९ सालीं बेकारीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, प्रत्येक गोदीच्या फाटकाशीं निराळा जमाव उभा असे. एका फाटकावर माणसें उरत त्याच वेळीं दुसऱ्या फाटकावर तीं कमी पडत. आणि प्रत्येक फाटक आपापल्या गर्दीच्या दिवसापुरता निराळा सांठा बाळगी, म्हणून सर्व मिळून रिकाम्या माणसांचा सांठा गरजेहून कितीतरी मोठा होई. त्याच वर्षीं इंग्लंडांत कामगार विनिमय कचेऱ्यांचा कायदा झाला व १९१० च्या फेब्रुवारींत पहिल्या कचेऱ्या उघडल्या. बेव्हरिज यांचें लंडन पाहण्यास दूर जावयास नको. नाशिकजवळ गिरणारें येथें द्राक्षाच्या हंगामांत सकाळीं जावें. पेठ-त्र्यंबकेश्वराकडून आलेल्या आदिवासी स्त्रीपुरुषांचा मेळा रस्त्याच्या कडेस उभा दिसतो. ज्यांस बागाईतदार बोलावील तीं कामावर जातात. उन्हें वर आलीं तरी ज्यांस कोणी बोलावीत नाहीं तीं रिकाम्या हातांनीं परततात.

पुढें शंभर वर्षांनीं, २०१० सालीं, पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन व ख्रिस्तोफर पिसारिडीस या तिघां अर्थशास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें याच तऱ्हेच्या विवेचनाबद्दल. त्याचें सार शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर असें कीं, काम आणि कामकरी यांस एकमेकांचा शोध लागण्यांत वेळ व पैसा खर्च होतो. म्हणून रिकामें काम व रिकामे हात हीं एकाच वेळीं, एकाच प्रांतांत नांदूं शकतात. जुन्या मोटेच्या चाकास तेल नसलें म्हणजे बैलांचा जोर चाकांतच जाई व थारोळ्यांत पाणी कमी पडे, त्यांतलाच हा प्रकार.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. या अडथळ्यांनीं काम केवळ लांबणीवर पडतें असें नव्हे. एकंदर कामच कमी होतें. माझेंच उदाहरण घेतों. गेल्या सालचा अनुभव गांठीस बांधून यंदा मीं एकच एकर कांदा करावयाचें ठरविलें आहे. दुसऱ्या एकरांत हरभरा पेरीन. हरभऱ्यास माणूस थोडें लागतें. अर्थात् त्या एका एकराबरोबर कांद्याची लागण, खुरपणी, काढणी, पात कापणें, प्रतवारी हें सगळें काम नाहींसें झालें. कोणाची मजुरी बुडाली असें कोठेंहि नोंदलें जाणार नाहीं, कारण तें काम जन्मासच आलें नाहीं. डोंगराकडच्या त्या बायांस हें कधीं कळणारहि नाहीं. मजूर मिळेल कीं नाहीं या धास्तीनें ज्यानें भाजीपाला सोडून सोयाबीन धरलें, ज्यानें बाग काढून टाकली, ज्यानें कर्ज काढून यंत्र आणलें, त्या प्रत्येकानें असेंच कांहीं काम मुकाट्यानें पुसून टाकलें आहे.

आतां हे अडथळे कोणते तें पाहूं. पहिला बातमीचा. कोणत्या गांवीं, कोणत्या आठवड्यांत, किती माणूस लागणार हें आपणच आधीं सांगत नाहीं. दुसरा विश्वासाचा. परगांवीं जाऊन काम केलें आणि मालकानें "कांदा विकल्यावर देतों" म्हटलें तर दाद कोणाकडे मागावी ? उलट पक्षीं, आगाऊ पैसे घेऊन टोळी आलीच नाहीं तर शेतकऱ्यानें काय करावें ? तिसरा वाटखर्चाचा व निवाऱ्याचा. ज्या घरांत आठवड्याचें धान्य नाहीं, त्या घरची बाई भाड्याचे पैसे खर्चून अनोळखी गांवीं कामाच्या आशेनें जाईल, ही अपेक्षाच व्यर्थ. बांगला देशाच्या रंगपूर भागांत २००८ सालीं एक प्रयोग झाला. भाताच्या कापणीपूर्वीं तेथें दरसाल उपासमारीचे दिवस येतात. त्या दिवसांत खेड्यांतील गरीब कुटुंबांस जाण्यायेण्याच्या भाड्याइतकी, म्हणजे सुमारें साडेआठ डॉलरची, मदत दिली असतां शेंकडा २२ कुटुंबांतील माणूस जास्त बाहेर पडला व घरच्यांच्या मुखीं अधिक अन्न गेलें. मात्र तीच योजना पुढें मोठ्या प्रमाणावर चालविली तेव्हां तो गुण दिसला नाहीं आणि २०१९ सालीं ती बंद झाली. यावरून भाड्याचे पैसे वांटले म्हणजे काम झालें असें मानूं नये. पुढचें काम व तेथील मुक्काम यांची हमी कोणीतरी घेतलीच पाहिजे.

चौथा अडथळा हंगामांतील विषमतेचा. आणि माझ्या मतें आपला उपायहि त्यांतच आहे. ओडिशांतील साठ खेड्यांत ब्रेझा, कौर व शमदासानी या विदुषींनीं केलेला प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं गांवांतील सुमारें पाव पुरुष मजूर महिनाभर दुसऱ्या कामावर नेले. ऐन हंगामांत असें केलें तेव्हां गांवांतील मजुरीचा दर चढला. परंतु रिकाम्या महिन्यांत केलें तेव्हां दरहि हलला नाहीं व गांवांतील एकंदर शेतकामहि घटलें नाहीं. गेलेल्यांच्या जागीं तितकेच दुसरे उभे राहिले. म्हणजे त्या महिन्यांत निदान चौथा हिस्सा हात, इच्छा असूनहि, रिकामे होते. आपल्या प्रांतांत तर हे रिकामे महिने सर्वत्र एकच नाहींत. बाजरी-कापूस निघाल्यावर कोरडवाहू गांव ओस पडतो, नेमकी तेव्हांच बागाईत गांवांत कांद्याची व द्राक्षाची घाई उडते. एकाचा रिकामा काळ हा दुसऱ्याचा सुगीचा काळ. देवानें ही जी सोय करून ठेविली आहे, तिचा फायदा घेण्यास मधला सांधा तेवढा नाहीं.

सांधा अगदींच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. ऊंसतोडीच्या धंद्यांत तो मुकादमानें जोडला आहे. बीड जिल्ह्यांतून आणि पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डी-शेवगांव भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें कारखान्यांकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यास पन्नास हजारांपासून लाखावर उचल. ही उचल बातमी, भाडें व भरंवसा या तिन्ही अडचणी एकदम सोडविते, म्हणूनच ती टिकली आहे. पण तिची किंमत फार मोठी आहे. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. आजारीपणानें एक दिवस चुकला तरी खाडा धरला जातो. ऊंस कमी असल्यामुळें कोयता रिकामा बसला तरी शेजारच्या कांद्याच्या शेतांत जाण्याची त्यास मुभा नाहीं. आणि मुलांची शाळा तर सुटतेच. दुसऱ्या बाजूस मुकादम उचल घेऊन पसार झाला म्हणजे वाहनमालक कर्जांत बुडतो. २०२४ च्या जानेवारींत तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ ठरली ती योग्यच होती. परंतु दर वाढल्यानें बांधीलकी सुटत नाहीं. जो सांधा माणसास जखडून ठेवितो, तो एका कामास माणूस पुरवितो खरा, पण इतर दहा कामांस त्याला पारखा करितो.

आतां आपल्या सभांतील आवडत्या विषयाकडे वळतों. रोजगार हमीचा उगम याच महाराष्ट्रांत झाला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें तासगांव तालुक्यांत १९६५ सालीं तिचा प्रयोग झाला; १९७२ सालीं ती प्रांतभर लागू झाली; १९७७ चा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अंमलांत आला. त्या धर्तीवर २००५ सालीं सर्व देशासाठीं १०० दिवसांचा कायदा झाला. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत दिवस १२५ केले असून, पेरणी व कापणीच्या ऐन हंगामांत एकंदर ६० दिवसपर्यंत हीं कामें बंद ठेवण्याची तरतूद आहे. या तरतुदीनें आपल्या पुष्कळ बंधूंस आनंद झाला आहे. "आतां मजूर कोठें जातील ?" असें एका सद्गृहस्थांनीं मला हसत हसत विचारलें.

माझें उत्तर असें कीं, ते घरींच बसतील. डोंगराकडच्या त्या बाया पौषांत हमीच्या कामावर नव्हत्या, घरीं होत्या. हमीचें काम बंद केल्यानें साठ किलोमीटरांचा रस्ता तसूभरहि कमी होत नाहीं. आधार काढून घेतला म्हणजे माणूस कामाकडे धांवतो ही समजूत अनुभवाशीं जुळत नाहीं. इम्बर्ट व पॅप यांच्या २०१५ सालच्या अभ्यासांत हमीच्या कामामुळें खासगी काम कांहीं अंशीं घटलें व मजुरी वाढली असें दिसलें, हें मी लपवूं इच्छीत नाहीं. परंतु तो परिणाम मुख्यतः कोरड्या हंगामांतला होता; पावसाळी पेरणीच्या दिवसांत हमीचें काम मुळांतच थोडें असतें. दुसरा अनुभव अविभक्त आंध्र प्रदेशांतील आहे. तेथें हमीची मजुरी मजुराच्या हातीं वेळेवर व बिनगळतीची पडावी म्हणून ओळखपत्रांची पद्धत सुरू केली, तिचें परीक्षण मुरलीधरन, नीहाउस व सुखटणकर यांनीं केलें. बाजारांतील मजुरीचा दर वाढला. पण खासगी काम कमी झालें नाहीं. असें कां व्हावें ? माझी समजूत अशी कीं, ज्या गांवांत काम देणारे दोन-चारच, तेथें मजुरी दाबून ठेविलेली असते, आणि त्या दरानें जेवढीं माणसें येतील तेवढ्यांवरच मालक भागवितात. मजुरास दुसरा आधार मिळाला कीं दर न्याय्य पातळीवर येतो व घरीं बसलेलीहि माणसें बाहेर पडतात. आपणांस हें कडू लागेल. पण आडत्यापाशीं एकटा उभा राहणारा शेतकरी आणि मालकापाशीं एकटा उभा राहणारा मजूर यांची स्थिति एकच आहे.

मग उपाय काय ? तोहि याच प्रांतांत सांपडतो. बाजारांतील हमाल व माथाडी यांची स्थिति एकेकाळीं लंडनच्या गोदीसारखीच होती. मुंबईंत अण्णासाहेब पाटील, पुण्यांत हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या चळवळी झाल्या व १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. त्याअन्वयें मंडळें स्थापन झालीं. मजुराची नोंद मंडळांत, मालकाचीहि नोंद मंडळांत. मजुरी मंडळामार्फत, व तीवर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाहनिधि वगैरे सोयी. या मंडळांत दोष शिरले नाहींत असें मी म्हणत नाहीं. परंतु हमाल कोणा एका दुकानाचा बांधील नाहीं, आणि तरीहि तो निराधार नाहीं, ही गोष्ट त्यांनीं सिद्ध केली. शेतमजुरीस नेमकें हेंच पाहिजे.

सरकारनें करावयाचें तें सरकार करील तेव्हां करो. आपल्या संस्थेनें या आश्विनापासूनच पुढील गोष्टी हातीं घ्याव्यात अशी माझी सूचना आहे.

(१) प्रत्येक सभासदानें रोप टाकतांनाच लागणीचा अंदाजी आठवडा व एकर संस्थेच्या वहींत नोंदवावे. सर्वांचीं रोपें एकाच आठवड्यांत तयार होणार असें दिसलें तर टाकणी मागेंपुढें करावी. निम्मी टंचाई आपण आपल्याच एकसमयावच्छेदें उडणाऱ्या घाईनें निर्माण करितों.

(२) संस्थेच्या एका सेवकानें कोरडवाहू भागांतील दहा-बारा गांवांशीं फोनवर व प्रत्यक्ष जाऊन संबंध ठेवावा, आणि कोणत्या टोळीस किती दिवस काम मिळेल हें आठवडाभर आधीं निश्चित कळवावें.

(३) उक्त्या कामाचा एकरीं दर हंगामापूर्वींच, टोळ्यांच्या मुकादमिणींस बोलावून, दोघांच्या संमतीनें ठरवावा. मजुरी आठवड्याच्या आंत संस्थेमार्फत पोंचावी. शेतकऱ्याकडून वसूल करणें हें संस्थेचें काम, मजुराचें नव्हे.

(४) जाण्यायेण्याचें भाडें संस्थेनें द्यावें. संस्थेच्या गोदामाजवळ पत्र्याची शेड, पाणी, शौचकूप व लेंकरांसाठीं एक खोली एवढी सोय व्हावी. हा खर्च एकरीं पट्टी बसवून काढावा.

(५) ठरलेली टोळी जास्त पैशांचें आमिष दाखवून वाटेंतून पळविणाऱ्या सभासदाचा क्रम त्या हंगामापुरता शेवटीं टाकावा. तसेंच ठरवून न येणाऱ्या टोळीसहि पुढचें काम शेवटीं द्यावें.

यांत उचल नाहीं, हें मुद्दाम सांगतों. उचलीच्या जागीं संस्थेचा शब्द ठेवावयाचा आहे. तो शब्द पहिल्या वर्षीं कदाचित् पन्नास बायांस पटेल, कदाचित् वीसच येतील. पण वेळेवर मजुरी घेऊन वीस घरीं परतल्या, तर दुसऱ्या वर्षीं त्यांच्या सांगण्यानें इतर येतील. कोणत्याहि जाहिरातीपेक्षां ती बातमी लवकर पोंचते.

कोणी म्हणेल, पट्टी आम्हीच कां भरावी ? पण न भरतांहि आपण ती भरतच आहों : जून झालेल्या रोपांत, डेंगळ्यांत, शेवटच्या क्षणीं वाढवून दिलेल्या दरांत, आणि न केलेल्या पिकांत. तिचा हिशेब कोणी मांडीत नाहीं, एवढाच फरक. कोणी असेंहि म्हणेल कीं, यंत्रें येत आहेत, तेव्हां हा खटाटोप कशास ? यंत्रें अवश्य यावींत. पण दोन एकरांच्या धन्यास सर्व कामांचीं यंत्रें परवडणार नाहींत; आणि माणसें जवळ असतां, केवळ त्यांस बोलावण्याची सोय नाहीं म्हणून यंत्र आणावें लागणें यांत कसली प्रगति ?

संस्थेच्या येत्या वार्षिक सभेंत मजुरांच्या टंचाईवर ठराव येईलच. "मजूर मिळत नाहींत, सबब सरकारनें हमीचीं कामें बंद ठेवावींत" असा तो न मांडतां, "मजूर व काम यांची गांठ घालून देण्याची जबाबदारी संस्था घेत आहे" असा मांडावा, अशी माझी सर्व सभासदबंधूंस विनंती आहे. तसें झालें तर मीं दुसऱ्या एकरांतला हरभरा रद्द करून तेथें पुन्हां कांद्याचें रोप टाकीन. आणि पौष लागण्यापूर्वीं डोंगराकडच्या त्या गांवीं जाऊन त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर स्वतः देईन.